मोहाजवळचं वळण

आंबाटोला नाका, तालुका उमरेड
१८ नोव्हेंबर १९७३

ताई,
तुझ्या पाया पडतो. भाटव्यांना माझा, त्यांच्या साळ्याचा, नमस्कार सांग, ते रागात नसतील तर.

मी हरवलेलो नाही, हे आधी लिहितो म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. रायपूरहून घरी यायलाच निघालो होतो. पण भंडाऱ्याला एक ट्रकवाला भेटला. त्याच्याजवळ पिंजऱ्यात मैना होती आणि तिला फक्त शिव्या येत होत्या, त्याही छत्तीसगढी. त्या ऐकत ऐकत मी उमरेडपर्यंत आलो. ट्रक पुढे गेला, मैनाही गेली. असो, मैनेसाठी हे पत्र लिहायला घेतलं नव्हतं.

सांगायचं ते हे की मी तुझ्या सासरी आहे. आंबाटोल्यात! म्हणजे जिथे आंबाटोला होता तिथे. दोन वर्षांपूर्वी सरकारने गाव उठवून सडकेवर नेऊन वसवलं. तुम्ही दोघं तर त्याच्याही आधी सक्करदऱ्याला गेलात. आता इथे अभयारण्य होऊन राहिलं. सडकेशी फाटक बसवलं आहे, आत पायवाटा पाडणं चालू आहे. रेंजरसाहेब म्हणतात, रविवारी सीताबर्डीहून बस सुटेल, लोक डबे घेऊन येतील, वाटेने चालतील, पाखरं पाहतील आणि परत जातील. मी विचारलं, "साहेब, चालायचं तिकीट?" तर म्हणाले, "शहरातला माणूस सावलीचंही तिकीट काढतो."

मला रोजंदारीवर ठेवलं आहे आणि काम अगदी माझ्या जोगं. चुन्याची बादली घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि फक्की टाकत जायचं. माझी फक्की जिथून जाईल तिथून मागची माणसं वाट खोदतात. मॅट्रिक नापास माणसाच्या मागे लोक चालून राहिले, ताई, आहेस कुठे!

माणसं सगळी तुमच्याच टोल्यातली. नानाजी मुकादम आहेत, ते तुझे चुलतसासरे लागतात ना? मला पाहून म्हणाले, "शालिकचा साळा काय गा तू? लग्नात जिलब्या खाऊन आजारी पडला होता तो?" सगळे हसले. मीही हसलो. खरंच पडलो होतो.

गावाचं म्हणशील तर भिंती नाहीत. चुली आहेत. पावसाने मातीची घरं बसली, पण चुली तशाच, एकेक घरातली कुठे होती ते कळतं. आंबे आहेत. तळ्याच्या काठी मालगुजाराचं शिकारीचं दगडी मचाण आहे, तिथपर्यंत मोठी वाट न्यायची आहे, कारण ते ऐतिहासिक आहे म्हणे.

आणि एक गंमत. गावातून तळ्याकडे जुनी गुरांची वाट जाते. सरळ जाते, सरळ जाते, आणि मोहाच्या मोठ्या झाडाजवळ एकदम मोठा वळसा घेते. मधे ना खडक, ना नाला. नुसतं बोरीचं रान. तुमच्या सासरच्या म्हशी मोहाची पिऊन चालत होत्या काय? साहेब म्हणाले सरळ काढ. मी सरळ फक्की टाकून दिली.

पत्र नाकेदाराच्या सायकलवर उमरेडला जातं, म्हणून इथेच थांबतो. तो घंटी वाजवून राहिला.

तुझा अनंत

सक्करदरा, नागपूर
२७ नोव्हेंबर १९७३

चि. अनंतास आशीर्वाद.

पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. हे लाकडाच्या टालीवर जातात, संध्याकाळी येतात. लाकडाचा भाव वाढला आहे. रॉकेल मिळत नाही, शेजारच्या वच्छलाबाईंनी एक बाटली दिली. थंडी पडली आहे.

ते वळण नीट लिही. मोठ्या मोहाच्या अलीकडे की पलीकडे? तळं तिथून दिसतं का? बोरीच्या रानात आत कोणी गेलं का? खोदायला सुरुवात झाली का, तेही लिही. मैना आणि बाकीचं नंतर लिहिलंस तरी चालेल.

जेवत जा.

पंचफुला

आंबाटोला नाका
९ डिसेंबर १९७३

ताई,
तुला गावाची आठवण येऊन राहिली, दुसरं काय! मी नाकेदाराला म्हटलंसुद्धा, माझ्या बहिणीला सासरचं झाड न् झाड पाठ आहे. तर ऐक. वळण मोहाच्या पलीकडे, तळ्याच्या बाजूला. तळं तिथून दिसत नाही, वळसा संपला की मग दिसतं.

आता खोदकामाची मजा. सोमवारी मी फक्की सरळ टाकली आणि नाकेदारासोबत धनेशाचं घरटं पाहायला गेलो. (मादी ढोलीत बसते आणि आतून दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट. महिना महिना बाहेर येत नाही. आत्ता हंगाम नाही, ढोली रिकामी होती, तरी आम्ही तासभर बघत बसलो.) परत येतो तर खोदलेली वाट वळशाने गेलेली! माझा चुना सरळ आणि वाट वाकडी. रेंजरसाहेब आले.

"नानाजी, चुना दिसत नाही काय?"
"दिसते ना साहेब."
"मग वाट तिकडे कुठे चालली?"
"कोणती साहेब?"
"ही!"
नानाजींनी वाटेकडे असं पाहिलं जसं काही दुसऱ्याचं जनावर वावरात शिरलं. म्हणाले, "अरे बाप्पा, गेली खरी."
"उद्या सरळ पाहिजे मला."
"हो साहेब."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सरळ फक्की टाकली, चांगली जाड. आणि पुन्हा तेच! टिकास मारत मारत मोहापर्यंत आले आणि मेंढरं वळावी तसे वळले. कोणी कोणाला काही बोललं नाही. मी म्हटलं, "अहो नानाजी, माझी रोजी जाईल." तर म्हणाले, "चुना सरकला असंन गा, हवा होती." हवा कुठली, पान हलत नव्हतं.

साहेबांचा पारा चढला आहे. त्यांना वाटतं हे लोक गाव उठवल्याचा राग काढून राहिले.

तू विचारलंस म्हणून मी बोरीच्या रानात शिरून पाहिलं. अंगरखा फाटला. आत काही नाही. जागोजागी दगडांचे ढीग आहेत, दगड मुठीएवढे, नारळाएवढे, त्यांच्यावर वाळलेल्या काटेरी फांद्या. एखादी भिंत पडली असेल मालगुजाराची. साहेबांना सांगितलं तर ते खूष झाले. वाटेच्या दोन्ही कडांना लावायला दगड हवेच होते. उद्यापासून तेच उचलून आणायचे आहेत, मजूर ऐकत नाहीत म्हणून बैलगाडी घेऊन मलाच जायचं आहे.

उमरेडच्या बाजारात तुझ्यासाठी लुगडं पाहून ठेवलं आहे, इथल्याच मागावरचं. पैसे आले की घेतो.

अनंत

सक्करदरा
१३ डिसेंबर १९७३

अनंता,
दगडांना हात लावू नको.

ती भिंत नाही. तिथे लेकरं आहेत. टोल्यात लहान मूल गेलं की जाळत नाहीत, तिथे नेतात. आमचा देवाजी तिथे आहे. तो गेला तेव्हा तू जगदलपूरला होतास, तुला पत्र दोन महिन्यांनी मिळालं. कुठे ठेवलं हे तू विचारलं नाहीस आणि मी लिहिलं नाही.

बायकांना नेत नाहीत. मी त्याला माझ्या लुगड्यात गुंडाळून यांच्या हातात दिला. हे आणि नानाजी आणि आणखी माणसं गेली. परत आले, विहिरीवर आंघोळ केली, ओल्या अंगाने ओसरीवर बसले. मी विचारलं, कुठे ठेवला. बोलले नाहीत. त्या जागेत पुष्कळ आहेत, त्यातला आपला कोणता, मोहाकडून की तळ्याकडून, एवढंच विचारत होते. हे उठून बाहेर गेले.

इथे आल्यावरही विचारलं. मी विचारलं की हे उठून सक्करदऱ्याच्या तळ्यावर जाऊन बसतात. मग मी विचारणं सोडलं. चार वर्षं झाली. आम्ही भांडत नाही. भाजी काय करायची, घासलेट संपलं का, एवढं बोलतो. एका माणसाला माहीत आहे आणि तो सांगत नाही, अशा घरात मी स्वयंपाक करते.

पाण्याला जाताना आम्ही बायका तिथून वळत होतो. नवी सून आली की सासू हात धरून वळवायची. का, ते कोणी सांगत नव्हतं, आणि ज्यांना मूल द्यावं लागलं त्यांना सांगावं लागत नव्हतं.

साहेबाला सांगू नको. तो पाटी लावेल. लोक डबे घेऊन उभे राहतील.

नानाजींना विचार, आपला कोणता. तेवढंच मला हवं आहे. बाकी काही नको, लुगडंही नको.

पंचफुला

आंबाटोला नाका
२८ डिसेंबर १९७३

ताई,
दगड जागेवर आहेत. एकही हलला नाही.

यात माझा काही चांगुलपणा नाही. बैलगाडी घेऊन निघालो होतो, वाटेत कळलं की उमरेडला कोंबड्यांची झुंज आहे. गाडी सोडून गेलो. मग आठवडाभर तिकडेच होतो. परत आलो तेव्हा साहेबांच्या शिव्या आणि तुझं पत्र, दोन्ही थांबलेली होती. आधी शिव्या खाल्ल्या.

पत्र वाचून मी मोहाखाली बसलो. काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं. मी त्या पोराला एकदाच पाहिलं, बारशाला. तेव्हाही मी घाईत होतो.

नानाजींना विचारलं. ते विडी पीत होते. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"नानाजी, शालिकरामचा मुलगा कोणता?"
त्यांनी विडीची राख झाडली. मग म्हणाले, "बहिणीनं इचारलं काय?"
"हो."
"नाही सांगता येत गा."
"सांगत नाही की माहीत नाही?"
"माहीत नाही. कोणालेच नाही. खूण ठेवत नाही आपल्यात. लेकरू ठेवलं की समदे दगड टाकतात, अन् दुसऱ्या दिवशी माणसं जातात अन् दगड फिरवतात. याचे त्यावर, त्याचे यावर. कोण कुठी ते राहूच देत नाही."
"काहून?"
"खूण असली तं माय येते. माय आली तं उठत नाही. माह्या मायनं पाह्यलं असं, तिच्या बहिणीचं. तिथंच बसल्या बसल्या मेली ते."
"पण बापाला तरी?"
"बापालेच पहिला दगड फिरवा लागते."
मी म्हटलं, "ताईला वाटतं त्यांना माहीत आहे आणि ते सांगत नाहीत."
नानाजींनी विडी विझवली. "शालिकले माहीत असतं तं तो टोला सोडून गेला असता काय?"

एवढंच. भाटव्यांना ठाऊक नाही, ताई. चार वर्षं तू त्यांना जे विचारत होतीस ते त्यांच्याजवळ नव्हतंच. 'मला माहीत नाही' हे बापाच्या तोंडून निघत नसेल. मी त्यांच्या जागी असतो तर खोटंच सांगितलं असतं, मोहाकडून तिसरा म्हणून. ते खोटंही बोलले नाहीत.

वाटेचं असं झालं. साहेब स्वतः उभे राहून सरळ खोदून घेणार होते. त्या दिवशी कामावर एकही माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवीन वस्तीत जाऊन पाहिलं तर सगळे घरीच, कोणाची कंबर दुखते, कोणाची म्हैस. साहेब म्हणाले बाहेरगावचे मजूर आणतो. तेव्हा मी म्हटलं, "साहेब, एक बोलू? सरळ वाटेने माणूस आला की तळ्यावरची पाखरं त्याला दुरूनच पाहतात आणि उडून जातात. वळशाने आला की तो बोरीच्या आड राहतो आणि एकदम काठावर निघतो. बदकं पाण्यातच सापडतात." साहेबांनी जाऊन, वाकून, दोनदा चालून पाहिलं. मग म्हणाले, "हे माझ्याही डोक्यात होतं." आता ते वरच्या साहेबांना सांगून राहिले की वळण त्यांनी मुद्दाम ठेवलं.

काल फक्की वळशाने टाकली. माणसं कामावर आली. दुपारी नानाजींनी मला आपल्या भाकरीतली अर्धी दिली.

अनंत

सक्करदरा
२ फेब्रुवारी १९७४

चि. अनंतास आशीर्वाद.

पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. लिहायला घेत होते, पुढे काही येत नव्हतं.

यांना काही सांगितलं नाही. हे जेवतात तेव्हा मी बघते. डाळीत खडा लागला तर काढून ताटाच्या कडेला ठेवतात, बोलत नाहीत. असेच होते आधीपासून. मी समजत होते की दाबून ठेवलं आहे. दाबायला काही नव्हतं.

मला राग होता. तो कुठे ठेवायचा आता कळत नाही. सकाळी उठते, झाडते, पाणी भरते. वच्छलाबाई म्हणतात, तुझी तब्येत सुधारली. असेल.

ते फाटक कधी उघडणार? बायकांना आत सोडतात का?

पंचफुला

आंबाटोला नाका
१९ फेब्रुवारी १९७४

ताई,
उघडणार १० मार्चला, रविवारी. सीताबर्डीहून सकाळी बस आहे, नाहीतर उमरेडची एसटी धरून फाट्यावर उतरायचं. बायकांना सोडतात. तिकीट काढलं की कोणालाही सोडतात, हीच तर गंमत आहे. तू त्या घरात सून म्हणून पाच वर्षं पाणी भरलंस आणि आता पाहुणी म्हणून जाशील.

मचाणाशी पाटी लागली. मालगुजाराने कितवा वाघ कोणत्या साहेबासोबत मारला, सगळं आहे. गावाचं नाव नाही. मी रेंजरसाहेबांना म्हटलं, एक ओळ टाका, इथे आंबाटोला होता. ते वाईट माणूस नाहीत, ताई. पाटीकडे पाहून म्हणाले, "होता लिहिलं की लोक विचारतात, मग गेला कुठे? अन् ते सांगायला दुसरी पाटी लागते." मला वाद घालता येतात, पण आजकाल अर्ध्यात सोडून देतो.

वळणाशी पाटी नाही, ते मी पाहिलं. तिथे बाकडंही नाही. बाकडं ठेवायचं होतं, नानाजींनी ते उचलून तळ्यावर नेलं.

मी तोपर्यंत इथे नसेन. चुन्याचं काम संपलं. साहेब म्हणाले, राहा, गाईड हो, बोलायला तर येतं तुला. पण लोकांना घेऊन रोज त्या वळणावरून जायचं आणि बदकांचं सांगायचं! मी सध्या लांबच्या वाटेने जातो, नाल्यातून. राजनांदगावला एका हॉटेलात ओळख निघाली आहे, पत्ता मागे लिहिला आहे. तिथून पुढे कुठे ते माहीत नाही. तू येशील तेव्हा मी भेटलो असतो तर बरं झालं असतं, हे मला कळतं. कळूनही जाऊन राहिलो.

नानाजी फाटकावर असतील, खाकी कपड्यात. ओळखलं नाही तर घाबरू नको.

अनंत

सक्करदरा
१४ मार्च १९७४

अनंता,
आम्ही जाऊन आलो.

शनिवारी रात्री जेवताना मी म्हटलं, उद्या आंबाटोल्याला बस जाते, नवीन बाग झाली आहे म्हणतात, पाहायला जाऊ. सकाळी मी उठले तर हे धुतलेला सदरा घालून बसलेले.

बसमध्ये गर्दी होती. कोणाजवळ ट्रान्झिस्टर होता. कॉलनीतल्या बायका होत्या, मुलं होती, एका मास्तरीणबाईने शाळेच्या मुली आणल्या होत्या. सगळ्यांनी गाणी म्हटली. मी खिडकीशी होते.

फाटकावर नानाजी तिकिटं फाडत होते. मी डोक्यावरून पदर घेतला, पाया पडणार होते. ते हळूच म्हणाले, "राहू दे वं सूनबाई, साहेब पाहून राहिले." आमची तिकिटं फाडली.

चुली दिसल्या. आपली कोणती ते मला लगेच कळलं, तिच्या उजव्या बाजूला मी मातीचा ओटा घातला होता उतरंडीसाठी. तिथे मुलं उड्या मारत होती.

मोहाजवळ आलो. पुढच्या मुली वळल्या. एकीने विचारलं, बाई, ही वाट वाकडी का? मास्तरीणबाई म्हणाल्या, निसर्गात सरळ काही नसतं. मग मुलींनी ते वहीत लिहून घेतलं.

हे चालायचे थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, बोरीकडेही पाहिलं नाही. खाली वाटेकडे पाहत म्हणाले, "मले माहीत नाही वं."

मी म्हटलं, "अनंताले सांगितलं नानाजीनं. त्याचं पत्र आलं."

"कधी?"

"जानेवारीत."

"मंग बोलली काहून नाही?"

मी म्हटलं, "तुमी काहून नाही बोलले?"

मला वाटत होतं तिथे गेले की रडू येईल, म्हणून डोळे पुसायला लांब पदराचं लुगडं नेसून गेले होते. नाही आलं. यांनाही नाही आलं. पुष्कळ दगड होते, काट्या होत्या, ऊन होतं. मी एकाही दगडाकडे बोट केलं नाही.

मागून माणसं येत होती. वाट एवढीच रुंद की दोघांनी उभं राहिलं तर तिसऱ्याला जाता येत नाही. कोणीतरी म्हणालं, चला हो, पुढे चला. मग हे पुढे झाले आणि मी मागून चालले.

पंचफुला